विमानाचे पंख घारीसारखे आकार का बदलत नाहीत?

बदलतात की! पंखाच्या जरा मागच्या खिडकीत बसा, उतरायच्या आधी घर्रर्र आवाज येतो आणि पंखाची मागची कड बाहेर सरकून खाली वाकते, तेच फ्लॅप. मी पुणे-दिल्लीला मुद्दाम ती सीट घेतो, फटीतून खालची शेतं दिसायला लागली की बायको डोळे मिटून घेते. पण तुमचं म्हणणं कळलं, ही सगळी बिजागरीची कामं झाली, घार अख्खा पंखच वळवते.

गंमत म्हणजे राइट बंधूंचं 1903 चं विमान घारीच्याच जवळचं होतं. लाकडी सांगाडा, वर मलमल, वैमानिक पालथा झोपलेला, त्याने कंबर सरकवली की तारा ओढल्या जाऊन पंखांची टोकं पिरगळायची. पुढे वेग वाढला, पंख कडक झाले आणि पिरगळणं बंद पडलं.

आपल्या हवाई दलाचं मिग-27 बघा (डिसेंबर 2019 मध्ये जोधपूरला निवृत्त झालं), टेकऑफला पंख पसरलेले, जोरात जायचं असेल तर पार 72 अंश मागे. भारी दिसायचं, पण तो सांधा जड, आणि ते वजन सगळ्या उड्डाणात वाहायचं.

खरी गोची आहे कातडीची, वाकण्याइतकी लवचिक पण हवा दाबेल तेव्हा पोचा पडता कामा नये. नासाने 2014 ला एका गल्फस्ट्रीम जेटला बिनफटीचे वाकणारे फ्लॅप लावून उडवलं, फक्त कोन जमिनीवरच ठरवून लॉक करायचा, हवेत बदलायचा नाही 😄

मला स्वतःला जास्त आवडतो तो आकार लक्षात ठेवणारा धातू, निकेल-टायटॅनियम. मुलीच्या दातांना ब्रेसेस लावताना डॉक्टरांनी दाखवलं होतं, तार गार पाण्यात बुडवली की शेवयांसारखी मऊ, कशीही वाकवा, तोंडातल्या उबेला परत सरळ व्हायला बघते आणि त्या ओढीनेच दात हलतात. तसल्याच जातीच्या धातूने नासाने एका छोट्या रिमोटवाल्या विमानाच्या पंखांची टोकं उडता उडता 70 अंशांपर्यंत दुमडून दाखवली. जड मोटर नको, तापवलं की झालं. पण तापलेलं गार व्हायला वेळ लागतो ना, म्हणून टोकं सावकाश दुमडायला ठीक, वाऱ्याचा झटका आल्यावर पटकन सावरायचं काम त्याच्याकडून होत नाही, ते अजून बिजागरीवरच.