बेलफास्टमधला बॉम्बे स्ट्रीट

प्रश्न : ताई, आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला हमखास वाद होतो. माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते, धर्म नसता तर जगातला निम्मा रक्तपात टळला असता. माझे थोरले बंधू म्हणतात, धर्म बिचारा बाजूलाच राहतो, आग लावतात ते पुढारी. तुम्ही इतिहास शिकवलात. तुमचं मत काय?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या बंधूंचं मला पुष्कळसं पटतं. पण ‘बिचारा’ या शब्दाला माझी हरकत आहे. का, ते माझ्या पाहण्यातल्या एका ठिकाणावरून सांगते.

१९९९ साली मी बेलफास्टला धाकट्या बहिणीकडे काही महिने होते. ती तिथे डॉक्टर होती. उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट हिंसाचारात तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली होती आणि आदल्याच वर्षी समझोता झाला होता. एक दिवस फिरताना पाटी दिसली : बॉम्बे स्ट्रीट. शेजारी काश्मीर रोड! इतक्या लांब आपली नावं बघून जीव हरखला. मग घरांच्या मागच्या बाजूला गेलो. प्रत्येक परसावर लोखंडी जाळीचा पिंजरा होता आणि त्यापलीकडे उंच भिंत. भिंतीपलीकडून दगड, बाटल्या येतात म्हणून ती जाळी. एक आजी त्या जाळीखाली कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सांगितलं, १५ ऑगस्ट १९६९ला ही सगळी गल्ली जाळली होती. आपल्या झेंडावंदनाचा दिवस! माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ही आग लागली कशी? बायबलमधल्या एखाद्या ओळीवरून नाही. त्या काळी तिथे नगरपालिकेच्या निवडणुकीत मत कुणाला, तर घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांकडे राहणाऱ्या सज्ञान मुलांना मत नाही, पोटभाडेकरूला नाही. कंपनीवाल्यांना मात्र जादा मतं. म्हणजे सरकारी घर मिळालं की दोन मतं मिळाली, आणि घरं वाटणार पालिका. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, पण वॉर्डांच्या हद्दीच अशा आखलेल्या, की वीस जागांपैकी बारा प्रॉटेस्टंट युनियनिस्टांकडे, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्यांकडे, जायच्या. कॅथलिक कुटुंबांना युनियनिस्टांच्या वॉर्डात घरं देणं म्हणजे तो वॉर्ड हातचा घालवणं. मग कोण देतंय!

१९६८च्या जूनमध्ये कॅलेडन नावाच्या खेड्यात लेकुरवाळी कॅथलिक कुटुंबं घरासाठी ताटकळत असताना एक घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट मुलीला दिलं गेलं. ऑस्टिन करी हे आमदार त्या घरात घुसून बसले. पुढे मोर्चे निघाले. ५ ऑक्टोबरला डेरीत पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी झोडपलं, आणि वर्षाच्या आत बॉम्बे स्ट्रीट जळला. मागणी काय होती? प्रत्येकाला एक मत, आणि घरांचं न्याय्य वाटप. मला तर हे वाचताना दरवेळी वाटतं, त्या पालिकेने घरं नीट वाटली असती तर किती आयांची पोरं वाचली असती.

इथवर तुमचे बंधू बरोबर. पण घर नाकारायचं कुणाला, हे कसं ठरत होतं? बहिणीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, इथे इंग्रजी ‘एच’ हे अक्षर म्हणायला लावलं तरी माणूस कळतो. कॅथलिक शाळेत शिकलेला बहुधा ‘हेच्’ म्हणतो, प्रॉटेस्टंट ‘एच’. वेगळ्या शाळा, वेगळी चर्च, लग्नं आपापल्यात. शेजाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परका ठेवायचं काम धर्मसंस्थांनी केलं, पुढाऱ्यांच्या हाती ती यादी आयतीच आली. आणि प्रॉटेस्टंटांचे इयन पेस्ली तर पाद्रीही आणि पुढारीही. १९५१ साली त्यांनी स्वतःचं चर्च काढलं, १९७१ साली पक्ष. १९८८मध्ये युरोपीय संसदेत पोप बोलायला उभे राहिले तेव्हा हे ‘ख्रिस्तविरोधी’ म्हणून त्यांच्यावर ओरडले. त्या माणसात धर्म कुठे संपतो नि राजकारण कुठे सुरू होतं, ते मला आजवर उलगडलेलं नाही.

मुलीला मात्र एक जरूर सांगा. १० एप्रिल १९९८चा समझोता झाला तेव्हा कुणी कुणाला धर्म सोडायला लावला नाही. त्यात बोलणं झालं ते सत्तेतल्या वाट्याचं, पोलिसांचं, कैद्यांचं, शस्त्रांचं, नागरिकत्वाचं. २००७मध्ये तेच पेस्ली मुख्यमंत्री झाले आणि ब्रिटिश राजवटीविरुद्ध शस्त्र उचललेल्या आयआरए या संघटनेचे जुने कमांडर मार्टिन मॅकगिनेस त्यांचे उपमुख्यमंत्री. एक कट्टर प्रॉटेस्टंट, दुसरा कॅथलिक, दोघेही शेवटपर्यंत तसेच राहिले.

बंधूंना हे सांगा, की समझोत्याला पंचवीस वर्षं उलटून गेली तरी तिथली बहुसंख्य मुलं अजून वेगवेगळ्या शाळांत जातात आणि बॉम्बे स्ट्रीटमागची ती भिंत अजून पाडलेली नाही.