पऱ्हाटीतली साखर यीस्टला का आंबवता येत नाही?

प्रश्न : आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून बांधावर जाळतात आणि घड कापल्यावर केळीची खोडे तशीच पडून राहतात. जनुके बदललेल्या यीस्टने यापासून इथेनॉल करता येते, असे ऐकले. मग पावाचे साधे यीस्ट का चालत नाही? हे काम गावात होईल का?
— एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : पऱ्हाटीतली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते व भोवती लिग्निन या चिवट द्रव्याचे कवच असते. त्यामुळे आधी सौम्य आम्लाने किंवा दाबाखालच्या वाफेने ते कवच सैल करून मग विकरांनी (एन्झाइमांनी) साखळ्या तोडाव्या लागतात. सेल्युलोजपासून मिळणारे ग्लुकोज साधे यीस्ट सहज आंबवते; हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही पाच कार्बन अणूंची साखर मात्र त्याला आंबवता येत नाही, आणि तेवढा वाटा सोडून दिला तर खर्च भरून निघणे अवघड होते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांच्या गटाने १९९० च्या दशकात पिचिया स्टिपिटिस या दुसऱ्या यीस्टची जनुके साध्या यीस्टमध्ये घालून झायलोज आंबवण्याची वाट उघडली. परंतु त्या वाटेवरील दोन विकरांना लागणारी सहविकरे (विकरांना कामासाठी लागणारे मदतनीस रेणू) वेगवेगळी असल्याने बरीच साखर झायलिटॉल या मधल्या पदार्थाच्या रूपात मध्येच अडकत असे. २००३ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी दाखवलेला मार्ग मला विशेष सुंदर वाटतो : हत्तीच्या लिदीत सापडलेल्या पायरोमायसिस या बुरशीचे जनुक यीस्टमध्ये घातले की झायलोजचे एकाच पायरीत झायल्युलोज, म्हणजे यीस्टला वापरता येणारी साखर, होते आणि ती सहविकरे लागतच नाहीत. कवच सैल करताना तयार होणारे ॲसेटिक आम्ल व फरफ्युरल यीस्टची वाढ रोखतात, ही अडचण तरीही उरतेच.

केळीच्या खोडाबाबत मी सावध आहे. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असल्याने दहा टन खोड वाहून नेले, तर कोरडा माल जेमतेम एक टन मिळेल. त्यापेक्षा तुकडे करून ते शेतातच कुजवावे. पऱ्हाटी मात्र कोरडी असते, आणि तिच्यावर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून ती वेळेवर शेताबाहेर जाणे तसेही हिताचेच आहे.

दाबाची वाफ, विकरे, ऊर्ध्वपातन आणि जनुके बदललेले जीव वापरण्यासाठी अशा जीवांबाबतच्या केंद्र सरकारच्या १९८९ च्या नियमांनुसार लागणारी परवानगी हे सारे गावपातळीवर जमणारे नाही. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प तेल कंपनीने उभारलेला आहे. गावाला करता येईल ते काम म्हणजे पऱ्हाटी न जाळता तिचे तुकडे करणे, ते कोरडे साठवणे आणि अनेक शेतांचा माल एकत्र आणणे.