डोक्यात खरंच दिवे लागतात का? (वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या पत्रांमध्ये एमआरआयचेच प्रश्न जास्त होते, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून फक्त तेवढेच घेतलेत.

प्रश्न: आई हल्ली विसरते म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय करायला लावला. फिल्म सगळी काळी-पांढरी आणि रिपोर्ट नॉर्मल. पण व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय त्यात माणूस विचार करतोय आणि मेंदूत लाल-पिवळे दिवे लागतायत. आमचा स्वस्तातला एमआरआय केला का? (एक वाचक, कराड)

उत्तर: नाही हो, फसवलं वगैरे काही नाही. तुमच्या आईंचा जो झाला तो मेंदूची रचना बघतो, म्हणजे गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, कुठला भाग आक्रसलाय का. व्हिडिओतला तो फंक्शनल एमआरआय, सगळे एफएमआरआय म्हणतात. मशीन बऱ्याचदा तेच असतं, पण प्रश्न वेगळा विचारलेला असतो आणि गंमत म्हणजे तोही विचार बघत नाही, रक्त बघतो.

कसं ते सांगते. रक्तातल्या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की ते चुंबकाला किंचित वेगळं वागतं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत सेजी ओगावांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हाच फरक एमआरआयवर पकडला आणि १९९२ मध्ये माणसांवरचे निकाल आले. आता लग्नाची पंगत आठवा. तुम्ही एक जिलबी मागता आणि वाढपी आग्रहानं चार टाकून जातो, तेही जरा वेळानं. मेंदूचं अगदी तसंच, पेशी कामाला लागल्या की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं, ऑक्सिजननं भरलेलं रक्त येतं आणि त्याचा जोर पाच-सहा सेकंदांनी दिसतो. म्हणजे आपण बघतो ते ताटात पडलेल्या जिलब्या, भूक नाही!

बरं हा फरकही जेमतेम एखाददोन टक्क्यांचा. म्हणून माणसाला अर्धा मिनिट बोटं हलवायला सांगायची, मग अर्धा मिनिट गप्प पडून राहायचं, असं पुन्हा पुन्हा करायचं आणि मग कॉम्प्युटरवर दोन्हींची तुलना. फरक जिथे भरवशाचा वाटतो तिथे सॉफ्टवेअर रंग भरतं. बाकीचा मेंदू तेव्हा झोपलेला नसतो, त्याचा फक्त फरक पडलेला नसतो.

आईंचं म्हणाल तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून फाइल कपाटात टाकू नका. स्मरणशक्तीची तपासणी, बी-१२, थायरॉइड, झोप, चालू असलेल्या गोळ्या, हे सगळं न्यूरॉलॉजिस्टकडे बसून बघायचं असतं. रंगीत फोटो काढून त्यात काही भर पडणार नाही.

प्रश्न: रेडिएशन किती असतं? आणि त्या बोगद्यात जीव घाबरतो त्याचं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: एक्स-रेसारखं रेडिएशन शून्य. भीती असलीच तर लोहचुंबकाची बाळगा. तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण ६०,००० पट जोर, आणि तो स्कॅन चालू नसतानाही असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला माणूस मशीनकडे ओढला गेला आणि जिवानिशी गेला. म्हणून पेसमेकर, शरीरातली कुठलीही धातूची वस्तू, केसातली पिन, सगळं आधी सांगायचं, लाजायचं नाही.

घाबरण्याचं मला स्वतःला माहितीये. शिकत असताना एका लॅबमध्ये व्हॉलंटिअर म्हणून पडले होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज कोंबलेले, कानात बोळे आणि वर हेडफोन, डोळ्यांसमोर तिरका आरसा म्हणजे पायाकडचा पडदा दिसावा, आणि हातात रबरी फुगा, दाबला की बाहेर घंटा वाजते. मग सुरू झालं टक टक टक टक, कुणी बादलीवर पळी बडवतंय तसं. पंधराव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, मी हात हलवला नाही पण नाक उडवलं, दोनदा. बाहेर आल्यावर कळलं की डोकं हलल्यामुळे तो सगळा राउंड फुकट गेला. दोन-तीन मिलिमीटर हललं तरी बोंबलतं. तुम्ही डोळे मात्र आत जायच्या आधीच मिटा, आत गेल्यावर उघडले की छत नाकाला लागतं.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. एक क्लासवाले म्हणतात एमआरआयच्या संशोधनातून सिद्ध झालंय की काही मुलं डाव्या मेंदूची असतात काही उजव्या, टेस्ट करून आम्ही करिअर सांगतो. फी भरू का? (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नका भरू. भाषा बहुतेकांच्या डाव्या बाजूला जास्त असते हे खरं, पण अख्खा माणूस डावा किंवा उजवा असं काही सापडलेलं नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठानं २०१३ मध्ये १,०११ जणांचे स्कॅन तपासले, त्यात असे दोन गट दिसलेच नाहीत. शिवाय हे निष्कर्ष बहुतेकदा अनेक लोकांची सरासरी काढून येतात. सरासरीवरून तुमच्या मुलीचं काय सांगणार?

आणि रंगीत ठिपक्यांवर किती विश्वास ठेवायचा त्याचा किस्सा ऐकाच. क्रेग बेनेट हा मेंदूचा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अख्खा सॅमन मासा (आपला रावस नव्हे, खरा अटलांटिक) मशीनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं की या माणसाला काय वाटत असेल. मासा मेलेला होता. तरी त्याच्या मेंदूत लाल ठिपके उमटले! कारण असं की स्कॅनमध्ये मेंदूचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पाडतात, एकेका दाण्यात लाखो पेशी, आणि प्रत्येक दाण्याची परीक्षा वेगळी. हजारात एक चूक चालेल असं धरलं तरी लाख दाण्यांत शंभर खोटे ठिपके नुसत्या नशिबानं येणार. त्यासाठी गणितात दुरुस्ती करायची असते, ती केल्यावर माशाचे ठिपके गेले. हे २००९ मध्ये मांडलं गेलं आणि २०१२ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस, मिळालं. क्लासवाल्यांना विचारा दुरुस्ती केली का, चेहरा बघण्यासारखा होईल.

प्रश्न: भाऊ अपघातानंतर सहा महिने डोळे उघडे ठेवून पडून आहे, कशालाच प्रतिसाद नाही. त्याला आमचं ऐकू येत असेल का, हे एमआरआयमध्ये कळतं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: कधी कधी कळतं, आणि माझ्या मते एफएमआरआयचं सगळ्यात मोलाचं काम हेच. पण ही तपासणी रोजची नाही, न्यूरॉलॉजिस्टना विचारून बघा. आणि एक लक्षात ठेवा, स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणजे आत कुणी नाही असं होत नाही. बोलणं बंद करू नका त्याच्याशी.

२००६ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञांनी अशाच एका २३ वर्षांच्या तरुणीला मशीनमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग म्हणाले घरातल्या खोल्यांतून फिर. दोन्ही वेळा मेंदूचे तेच भाग जागे झाले जे धडधाकट माणसांचे होतात. २०१० मध्ये तिथल्या आणि बेल्जियममधल्या लीएजच्या मिळून ५४ पेशंटचा अभ्यास आला, त्यातल्या पाच जणांना हे जमलं. त्यातल्या एका तरुणाला मग प्रश्नच विचारले, हो असेल तर टेनिस, नाही असेल तर घर. वडिलांचं नाव अमुक का, असे साधे. सहापैकी पाच उत्तरं बरोबर आली. सहाव्या प्रश्नाला मात्र कुठेच काही उमटलं नाही, त्या तरुणाला झोप लागली, प्रश्न नीट ऐकूच गेला नाही की उत्तर द्यायचंच नव्हतं, ते चित्रावरून सांगता आलं नाही.