रात्री दीड वाजता पोर्टफोलिओ बघणारीला

अगं, तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. दीड वर्षात नोकरी सोडून साठवलेल्या पैशांवर जगायचं ठरवलंयस आणि नेमकं आत्ताच मार्केट पडायला लागलंय, झोप उडणारच. पण एक गंमत सांगू, एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये किती टक्के पडलं हे चार वेळा लिहिलंयस आणि तुझा वर्षाचा खर्च किती हे एकदाही नाही.

तुला भीती वाटतेय ती उगाच नाहीये. "लाँग टर्म धरून ठेव, काही होत नाही" हे सगळे सांगतात ना, ते पंचविशीतल्या माणसाला ठीक आहे, त्याचा पगार चालू असतो, मार्केट पडलं की त्याला उलट स्वस्तात मिळतं. तुझं तसं नाही. पैसे काढायचेच नसतील तर आधी पडून मग वर गेलं काय आणि आधी वर जाऊन मग पडलं काय, शेवटी गुणाकारच, उत्तर तेच येतं. पण त्यातूनच दरवर्षी घर चालवायचं असेल तर क्रमाला फार महत्त्व येतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत पडत्या भावात विकलेले युनिट मार्केट वर येतं तेव्हा आपल्याकडे नसतातच.

समज तुझ्याकडे 25 वर्षांच्या खर्चाएवढा कॉर्पस, म्हणजे साठवलेली रक्कम, आहे आणि सगळा इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये. 40 टक्के पडला की उरला 15 वर्षांचा. आधी वर्षाला 4 टक्के काढणार होतीस, आता तेवढाच खर्च म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर. आणि तो 4 टक्क्यांचा आकडा सगळे देवाने सांगितल्यासारखा वापरतात, पण तो विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन प्लॅनरने 1994 मध्ये काढला, अमेरिकेच्या जुन्या आकड्यांवरून आणि 30 वर्षांच्या रिटायरमेंटसाठी. तू चाळिशीत सोडणार, तुला कदाचित 50 वर्षं काढायचीयत, त्यामुळे वर्षाच्या खर्चाच्या 25 पट झाले म्हणजे झालं असं धरू नकोस.

आता तेच 25, पण त्यातल्या 5 वर्षांचा खर्च ठेवी नाहीतर कमी मुदतीच्या बाँडमध्ये बाजूला. इक्विटीतले 20 पडून 12 झाले, एकूण 17. दिसायला तेही वाईटच, पण त्या 12 ला पाच वर्षं हात लावायची गरज नाही, सगळा फरक इथे आहे. कमी मुदतीचे मुद्दाम म्हणतेय, 2022 मध्ये व्याजदर भराभर वाढले तेव्हा शेअर आणि लांब मुदतीचे बाँड दोन्ही एकदमच पडले होते.

पाच वर्षं पुरतात का? अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा इंडेक्स एसअँडपी 500 ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 मध्ये साधारण 57 टक्के पडला आणि जुन्या पातळीला यायला 2013 उजाडलं, डिव्हिडंड, म्हणजे कंपन्या वाटतात तो नफा, धरले तर थोडं लवकर. म्हणजे बरेचदा जेमतेम पुरतात. जपानचा शेअर इंडेक्स निक्केई मात्र 1989 चा उच्चांक थेट 2024 मध्ये ओलांडू शकला, म्हणून सगळे पैसे एकाच देशात ठेवायचे नाहीत आणि "येतंच वर" हे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान हलवायची आणि पुढे जायचं.

मी शांत आहे असं तुला वाटतं ना, तर ऐक. 2020 ला फेब्रुवारीत मार्केट पडायला लागलं, मी रोज दहा वेळा अ‍ॅप उघडत होते आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात न राहवून बरंच विकून टाकलं. 23 मार्चला तळ लागला. मग मी "अजून पडेल, तेव्हा घेऊ" म्हणत बसले, ऑगस्टमध्ये एसअँडपी 500 होता तिथे परत आला तरी मी बाहेरच. माझा स्वभाव आजही तोच घाबरट आहे बरं का, फक्त आता पुढच्या काही वर्षांचा खर्च मार्केटमध्ये नाहीये आणि अ‍ॅप फोनमधून काढलंय.

तुझ्याकडे तो बाजूचा पैसा आत्ता नाही हे कळतंय. मग आत्ता विकून तो करू नकोस. अजून दीड वर्ष पगार आहे, नवीन बचत सगळी तिकडे वळव. स्वस्तात शेअर घ्यायचा चान्स जातोय असं वाटेल, जाऊ दे, पंचविशीत तो घेऊन झालाय. तेवढ्यात पाच वर्षांचा खर्च जमला नाही तर तारीख सहा महिने पुढे ढकल किंवा थोडं पार्टटाइम काम घे, त्यात कमीपणा काही नाही, सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत थोडीशी कमाई असली तरी विक्री बरीच कमी करावी लागते.

आणि खर्चाचे दोन आकडे काढ, एक नेहमीचा आणि एक हात आखडता घेतला तर होणारा. विमा, आजारपण, घराची दुरुस्ती हे दोन्हीत धर, माणसं तेच विसरतात. रविवारपर्यंत मला पाठव, टक्केवारी नको पाठवूस.



— तुझी ताई