टोमॅटोच्या मुळांवर गाठी आल्यात, ड्रिपमधून कोणतं औषध सोडू?

प्लॉट ४० दिवसांचा आहे म्हणता. भाऊ, आलेली गाठ कुठल्याच औषधानं विरघळत नाही. या गाठी सूत्रकृमी, म्हणजे मातीतला डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा करतो. त्याची मादी गाठीच्या आत मुक्कामाला असते, एकेक मादी दोन-चारशे अंडी घालते आणि उन्हाळ्यात महिनाभरात पुढची पिढी उभी राहते.

आम्ही हे पैसे घालून शिकलो. आमचं रान नारायणगावच्या बाजूला. उन्हाळी टोमॅटोच्या शेवटच्या तोड्यांना झाडं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताठ. दादा म्हणाला, ऊन आहे. तोडे संपल्यावर त्यानं त्याच मल्चिंग पेपरवर, त्याच तार-बांबूवर काकडी टोकली. मी नको म्हणत होतो. "पेपरचे पैसे तू भरले का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विसाव्या दिवसापासून वेल पिवळे, काकड्या वाकड्या. दुकानदारानं मर रोग सांगून बुरशीनाशकाची आळवणी दोनदा करायला लावली.

शेवटी आईनं खुरप्यानं मातीसकट एक वेल काढला आणि बादलीत धुतला. उपटला असता तर बारीक मुळं मातीतच राहिली असती. आल्याचे तुकडे दोऱ्यात ओवावेत तशी मुळं. आई म्हणाली, "टोमॅटोलाही हेच होतं. बांधावर टाकताना पाहिलं मी. मला कोण विचारतंय?"

दादा आजही म्हणतो बियाणं खराब होतं.

त्या पावसाळ्यात मी सूत्रकृमी कमी करायला अर्ध्या रानात झेंडू लावायचं म्हटलं. दादाचं म्हणणं, दसऱ्याला भाव पडतो आणि पूर्वी फोरेट हे दाणेदार औषध टाकलं की विषय संपायचा. फोरेट २०२० अखेरीस बंद झालंय, हे त्याला तीनदा सांगितलं. शेवटी माझ्या २० गुंठ्यांत झेंडू दाट लावला, फुलं तोडून झाडं तिथंच रोटाव्हेटरनं गाडली. त्यानं त्याच्याकडे भेंडी लावली. भेंडी! सूत्रकृमीला जेवायला बोलावल्यासारखं. पुढच्या टोमॅटोला बांधावर उभं राहिलं तरी दोन रंग दिसत होते. त्यावर तो म्हणतो, तुझ्याकडे शेणखत जास्त पडलं.

तुमचं सांगायचं तर, या प्लॉटला पाणी थोडं थोडं पण रोज द्या, मुळांशी निंबोळी पेंड द्या, ड्रिपमधून पॅसिलोमायसिस (सूत्रकृमीची अंडी खाणारी बुरशी) सोडा आणि निघेल तेवढा माल काढा. संपल्यावर मुळं खणून काढा, वाळवून जाळा. बांधावर टाकू नका, कंपोस्टमध्ये तर नाहीच. नंतर काकडी, कारली, वांगी, भेंडी काही नको. मका, ज्वारी नाहीतर कांदा घ्या. एप्रिल-मेमध्ये रान मोकळं असेल तर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक पाच-सहा आठवडे कडा दाबून अंथरा. काळं मल्चिंग ते काम करत नाही.

फ्लुओपायरम, फ्लुएन्सल्फोन ही औषधं सूत्रकृमीवर चालतात, पण लागवडीच्या वेळची. लेबलवर पीक, मात्रा आणि तोडणीआधीचे दिवस बघूनच. झेंडूनंही रान पूर्ण साफ होत नाही, आणि कडेला दोन ओळी लावल्या तर फक्त फोटो चांगले येतात. सूत्रकृमीला दाद न देणारं वाण म्हणून महाग रोप देतात, त्याचाही भरवसा माती तापली की कमी होतो. नर्सरीची रोपं घेताना ट्रेमधलं एखादं रोप काढून मुळं धुऊन बघा. दुसऱ्याच्या रानातून आलेला रोटाव्हेटर धुतल्याशिवाय आत घेऊ नका, यावरून आमच्याकडे गेल्याच आठवड्यात पुन्हा वाजलं.