अकरा दिवसांचे आकडे

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ग्रुपच्या प्रोजेक्टमध्ये माझ्याकडून चूक झालीय. सांगितलं तर सगळ्यांचं काम बिघडतंय, नाही सांगितलं तर झोप लागत नाही. काय करू?" पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून तर जास्तच. उत्तर म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बीड जिल्ह्यातलं गाव, बीएस्सीचं दुसरं वर्ष. आईवडील दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. घरी ही आणि आजी. चार कॉलेजांच्या मुलांनी मिळून करायचा प्रोजेक्ट होता. प्रत्येकानं आपल्या गावाजवळच्या तुरीच्या शेतात जायचं, सुतळीनं मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा आणि सकाळी पंधरा मिनिटं बसून फुलांवर येणारे कीटक मोजायचे. तुरीचं फूल मिटल्या मुठीसारखं असतं. ते दाबून आत शिरायला काळ्या भुंग्यासारखा जड गडी लागतो, नाहीतर पानकापी माशी. एका शेतावरून काहीच म्हणता येत नाही. पाऊस वेगळा, माती वेगळी, फवारणी वेगळी. पण अशी पुष्कळ शेतं एकाच पद्धतीनं मोजली की थोडंफार बोलता येतं. म्हणून चार कॉलेजं.

ती आली तेव्हा पिशवीतून तक्त्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "यातले अकरा दिवस मी मनानं भरलेत."

आता माझी चूक सांगते. मी पटकन म्हणून गेले, "अगं, एवढं काय त्यात, होतं असं." धीर द्यायची सवय, दुसरं काय! ती गप्प झाली. मग म्हणाली, "एवढंच असतं तर मी एसटीनं दीड तास आले नसते." बरोबर होतं तिचं. चूक छोटी ठरवून टाकली की समोरच्याला पुढचं बोलायला जागाच उरत नाही. मी विषय तिच्याकडे परत दिला. म्हटलं, कोणते अकरा दिवस ते दाखव.

तिनं न अडखळता दाखवले. खऱ्या दिवसांच्या कागदांना घड्या पडलेल्या, एकावर हिरवट डाग, पेन्सिल कुठे पुसट कुठे ठळक. मनानं भरलेले अकरा कोरेकरकरीत. ३, २, ४, ३, २, सगळे एका दमात, एका पेनानं.

"गेलीच नव्हतीस का त्या दिवशी?"

"गेलते की मॅडम. रोज गेलते. काहीच आलं नाही फुलावर."

हे ऐकून मी चक्रावले. न जाता आकडे भरणारी मुलं मी पाहिलीत. ही तर जाऊन, बसून, शून्य पाहून आली होती आणि ते शून्यच तिनं लपवलं होतं. कारण विचारल्यावर आधी ग्रुपचं निघालं. व्हॉट्सॲपवर बाकीची मुलं रोज टाकायची, आज चौदा, आज नऊ. त्यात शून्य कसं टाकायचं? पण खरं कारण बऱ्याच वेळानं आलं, आणि तेही बोलता बोलता. आईवडिलांच्या टोळीत एक दिवस कामावर नाही गेलं तर मुकादम खाडा धरतो, उचलीतून पैसे कापतो. वहीत रिकामी जागा दिसली की घरात भांडण, हे ती लहानपणापासून बघत आली. "तक्त्यात शून्य लिहिलं की मला खाडाच दिसायचा," ती म्हणाली.

खाडा म्हणजे गेलोच नाही. शून्य म्हणजे गेलो, बसलो, काही दिसलं नाही. संशोधनाच्या दृष्टीनं यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो मुलांना पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. पक्षी मोजणारे 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकतात तेव्हा शेवटी विचारलं जातं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? हो म्हटलं, की यादीत नसलेला पक्षी त्या वेळी नोंदला गेला नाही, हीसुद्धा उपयोगाची माहिती होते. हिच्यासाठी मी साधं गणित मांडलं. दहा दिवसांपैकी चार दिवस तीन-तीन कीटक आले आणि सहा दिवस शून्य, तर सरासरी १.२. त्या सहा शून्यांच्या जागी तीन लिहिले तर सरासरी ३. शेतात अडीचपट कीटक कागदावरच जन्माला आले! ती हसली, पण डोळे पुसत.

प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांना सांगायचं तिनंच, मी फक्त सोबत बसेन, असं ठरलं. पहिलं वाक्य तिनं कागदावर लिहून नेलं: "सर, माझे अकरा दिवसांचे आकडे खोटे आहेत, त्यांची यादी आणलीय." ज्यांना असं सांगायचं आहे त्यांनी हे जरूर करावं. कारण, रडू, माफी सगळं नंतर; आधी चूक काय आणि ती कुठे कुठे आहे.

सर तरुण, नव्यानं लागलेले. ते चिडले. पंधरा दिवसांवर चारही कॉलेजांची बैठक होती. उठून बाहेर गेले, दहा मिनिटांनी परत आले आणि त्यांनी एकच विचारलं, "त्या अकरा दिवसांत शेतात काय काय झालं होतं, आठवतंय?" तिला आठवत होतं. काही दिवस ढगाळ गारठा होता. मधले तीन दिवस शेजाऱ्यानं अळीसाठी फवारलं होतं, वास येत होता. सर चटकन पुढे सरकले, मग स्वतःच म्हणाले की तीन दिवसांवरून फवारणीचं काही सिद्ध होत नाही, आणि आठवणीतून शून्यही भरता येणार नाहीत. अकराही नोंदी वगळल्या. का वगळल्या ते ग्रुपवर तिनंच लिहिलं. एकाचं "ओके" आलं, बाकी कुणी काही बोललं नाही. तिला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

मी सरांशी नंतर वेगळं बोलले. रोजचे आकडे ग्रुपवर टाकायची पद्धत बंद करा, म्हटलं. त्याची मुलांमध्ये शर्यत लागते. ते त्यांना फारसं पटलं नाही, मुलांचा उत्साह टिकतो म्हणाले. पण तक्ता बदलला. आता आधी 'गेलो का' असा रकाना आहे, मग 'किती दिसले'. तिचं नाव शेवटच्या पोस्टरवर येईल का, हे अजून ठरायचंय, आणि त्यात मी पडणार नाही.

जानेवारीत ती एकदा डोकावली. "मॅडम, ते अकरा दिवस पुन्हा बसून भरून काढता येतील का?"

मी सरांना फोन लावायच्या आधीच तिनं स्वतः उत्तर दिलं. "नाही ना? तूर कापली पण आमच्याकडं."