लंडनला एमए करायला यावं का? एका जे.जे.वाल्याला उत्तर

तुझी मेल दोनदा वाचली. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बीएफए, मग प्रोजेक्शन आणि एआय वापरून केलेले व्हिडिओ, लंडनच्या एका कॉलेजात एमएला प्रवेश, आणि सांगलीचं घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार असलेले बाबा. तुझे प्रश्न तीन: यावं का? इथे 'पोस्टकलोनियल' (म्हणजे वसाहतीच्या इतिहासावर बोलणारं) असल्याशिवाय आपल्याला कुणी विचारत नाही हे खरं का? आणि कॉम्प्युटरवरच्या कामाला इथे जास्त मान आहे का? तू हक्काने ताई म्हणालास, म्हणून मीही हक्काने सांगते. घर तारण ठेवून येऊ नकोस. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर ये. नाही मिळाली तर एमए सोडून दुसऱ्या वाटेने ये.

आधी पैसे. इथल्या कलाशाळांची परदेशी विद्यार्थ्यांची एमएची फी कॉलेजनुसार साधारण 25 ते 40 हजार पौंड. व्हिसासाठी लंडनच्या राहणीखर्चाचे महिन्याला दीड हजार पौंडांच्या आसपास, असे नऊ महिन्यांचे पैसे सलग 28 दिवस खात्यात दाखवावे लागतात. आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तो वेगळा. हा हिशेब तू मांडला असशीलच. एजंट जे सांगत नाहीत ते असं, की विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. आणि चित्रकाराची कमाई बहुतेक त्याच सदरात मोडते: फ्रीलान्स काम, कुणी सांगून करवून घेतलेलं काम, चित्रविक्री. मुंबईत नाटकाच्या नेपथ्यापासून लग्नाच्या स्टेजपर्यंत प्रोजेक्शनची जी कामं करून तू खोलीचं भाडं देतोस, ती इथे शिकताना बंद. उरते तासावारीची नोकरी. मी गॅलरीच्या दालनात पहारा दिलाय, दुसऱ्यांची चित्रं टांगलीत. त्यात कमीपणा काही नाही, उलट चित्र कसं बांधतात, कसं हलवतात ते तिथेच शिकले. पण त्या पगारातून कर्जाचा हप्ता जात नाही.

शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतंत्र काम चालतं. तो आत्ता दोन वर्षांचा आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार. तुझा कोर्स कधी संपतो ते बघ. त्यानंतर राहायचं तर ग्लोबल टॅलेंट व्हिसा आहे. कलाकारांसाठी त्याची शिफारस आर्ट्स काउन्सिल इंग्लंड करते, आणि त्यासाठी तीन शिफारसपत्रं लागतात, त्यातलं किमान एक ब्रिटनमधल्या संस्थेचं. त्यात एमएची पदवी कुणी विचारत नाही. तुझं काम कुठे दाखवलं गेलं आणि त्यावर कुणी लिहिलं, हे विचारतात. तुझ्या निर्णयासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून दोनदा वाच.

आता दुसरा प्रश्न. हो, 'पोस्टकलोनियल'चं ते दार आहे आणि आज बऱ्यापैकी उघडं आहे. ते उघडण्यात काहींची उमेद खर्च झाली, हे लक्षात ठेव. गोव्यातल्या साळगावचा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा, 1945 ला जे.जे.मधून काढून टाकलेला, 1949 ला लंडनला आला. हलाखीत काही वर्षं काढल्यावर 1955 ला गॅलरी वनमधलं त्याचं प्रदर्शन संपूर्ण विकलं गेलं. आणि तरी 1967 ला तो न्यूयॉर्कला निघून गेला. कराचीत जन्मलेल्या रशीद अराईन या कलावंताने आशियाई, आफ्रिकी, कॅरिबियन वंशाच्या ब्रिटिश आधुनिक चित्रकारांचं मोठं प्रदर्शन इथे व्हावं म्हणून सत्तरच्या दशकाअखेरीपासून खटपट केली. ते 'द अदर स्टोरी' 1989 ला हेवर्ड गॅलरीत झालं, सूझाही त्यात होता. पुढे 1994 ला अशाच कलावंतांसाठी इनिवा ही संस्था निघाली, संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाचं ग्रंथालय आता पिम्लिकोला आहे. आलास तर पहिल्या आठवड्यात तिथे जा, फुकट आहे.

या माणसांनी भांडून मिळवलेले शब्द आता अर्जांच्या फॉर्मवर छापून येतात: डीकलोनियल (वसाहतीचा ठसा पुसणारं), डायस्पोरा (देशाबाहेर पांगलेले लोक), आर्काइव्ह (जुन्या नोंदींचा साठा). आणि इथेच गोची आहे. मला आजीच्या साडीवर, मसाल्यांवर, पावसाळ्यावर काम करायला सुचवणारे भले लोक भेटलेत. एका निवड समितीने मला विचारलं होतं की या कामात भारत कुठे दिसतो. काम मिठी नदीच्या गाळाचं होतं. असं दोन-चार वेळा झालं की माणूस नकळत त्यांना ओळखू येईल असं काहीतरी करायला लागतो, आणि गंमत म्हणजे ते विकलंही जातं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत (हे मंडळ 1932 पासून आहे, जेवण उत्तम) मला कुणी विचारत नाही की तू मराठी कशी दिसतेस. गॅलरीत विचारतात.

दुसरी एक बाब कुणी उघड बोलत नाही. इथे उतरल्यावर आपण सगळे एका फटक्यात 'ब्राउन' होतो. ज्यांच्या वाट्याला गावात मान होता त्यांना ही फारच सोयीची जागा आहे, कारण जात मागे राहते आणि आपण फक्त साम्राज्याचे बळी उरतो. कलाकारांना काही काळ राहून काम करायला जागा देणाऱ्या एका निवासी उपक्रमाचे अर्ज मी काही काळ चाळत असे. त्यात वारली आकृत्या प्रोजेक्टरवर नाचवून त्याला 'माझा वारसा' म्हणणारे अर्ज हमखास असायचे, आणि अर्जदाराचा डहाणूशी संबंध सहलीपुरता. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे 1989 सालीच पॅरिसला पोंपिदू सेंटरच्या 'मॅजिशियन्स द ला तेर' (पृथ्वीवरचे जादूगार) या प्रदर्शनात होते, जे.जे.ची पायरी न चढता. त्या प्रदर्शनावरही टीका झाली, की तुम्ही पाश्चात्त्यांना कलावंत म्हणून आणता आणि बाकीच्यांना जादूगार म्हणून. तीच खूण आज आपण आपल्या हाताने कपाळावर लावून घेतो. तुझ्या कामाच्या वर्णनात 'आदिवासी मोटिफ्स' असा शब्द दिसला. ते मोटिफ्स कुणाचे आहेत ते लिही, नाहीतर तो शब्द काढ.

मग यायचंच कशाला? माझं कारण सांगते. आपण ज्याला कलाशिक्षण म्हणतो त्याचं मूळ या शहराच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या सरकारी कलाशाळेत आहे. शाळेत तू एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसला असशील, फ्रीहँड, भूमिती, स्थिरचित्र. जे.जे. 1857 ची. तिथे शिकवायला आलेले जॉन लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या तालमीतले. म्हणजे पेन्सिल कशी धरायची हेच आपण तिथून आलेल्या पद्धतीत शिकलो. लंडनला येऊन वसाहतीचा परिणाम शोधणाऱ्याने आधी स्वतःचं इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट काढून बघावं.

त्याच ग्रिफिथ्सने 1872 ते 1885 या काळात जे.जे.चे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रती कॅनव्हासवर करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यात होते, जयराव राघोबा होते. प्रती साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतीही 1866 ला सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये अशाच जळाल्या होत्या. उरलेल्या साउथ केन्सिंग्टनच्या त्याच संग्रहालयाकडे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. त्यांचं मोल मोठं, कारण लेण्यांतला काही भाग नंतर झिजला आणि तिथे काय होतं ते प्रतींवरूनच कळतं. पण प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींना व्हार्निश लावलं गेलं. पुढे ते काळवंडलं, आणि 1920 च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून संवर्धक बोलवावे लागले. नक्कल नीट व्हावी म्हणून मूळ चित्र बिघडवलं, आणि नक्कल जपायला नेली तिथे ती जळाली. एआयवर काम करणाऱ्याला याहून चांगला विषय कुठे मिळणार? आणि हात चालवणारे आपल्याच कॉलेजचे होते. त्यांच्या रेषेत अजिंठा किती आणि साउथ केन्सिंग्टन किती, हे कॅनव्हाससमोर उभं राहून बघण्यासारखं आहे. म्युझियमचा मोठा साठा 2025 पासून लंडनच्याच स्ट्रॅटफर्ड भागातल्या स्टोअरहाउसमध्ये लोकांना खुला आहे. तिथली वस्तू आधी वेळ ठरवून कुणालाही समोर मागवता येते, संशोधक असावं लागत नाही.

लोक याच म्युझियममधल्या वाघनखांवरून भांडतात. ती तीन वर्षांच्या बोलीवर 2024 ला साताऱ्याला आली, मिरवणूक निघाली, बरंच झालं. या कॅनव्हासांसाठी मात्र कुणी मिरवणूक काढणार नाही.

तिसरा प्रश्न, तंत्रज्ञानाचा. जास्त मान आहे असं नाही. कुतूहल जास्त आहे, आणि ते सहा महिन्यांत विटतं. भारतीय माणूस कॉम्प्युटरवर काम करतो म्हटल्यावर 'परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम' हे वाक्य कॅटलॉगमध्ये पडतंच. ते तू स्वतः लिहू नकोस. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969 ला आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप काढलं आणि भूमितीच्या रेखांकनांवरून 'सिझिजी' हा ॲनिमेशनपट केला. विशीतल्या नलिनी मलानी तिथेच कॅमेऱ्यावर प्रयोग करत होत्या. त्याच मलानींनी आयपॅडवर बोटाने काढलेली ॲनिमेशनं 2020 ला इथल्या व्हाइटचॅपल गॅलरीच्या भिंतींवर धावत होती. शिल्पा गुप्ता जे.जे.ची. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयासाठी तिने 'ब्लेस्ड बँडविड्थ' ही वेबसाइटच कलाकृती म्हणून 2003 ला केली, आणि राहते मुंबईतच. मुंबईच्या कॅम्प या गटाने शहरातल्या एका उंच इमारतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' केलं. हे सगळं तुझ्या पाठीशी आहे. 'आमच्याकडे हे नवीन आहे' असं मुलाखतीत बोललास तर मला फार राग येईल.

यंत्राबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मी चित्र बनवणाऱ्या एका मॉडेलकडे नऊवारीतली भाजीवाली मागितली. आली ती घागऱ्यातली, मागे वाळवंट, वर सोनेरी उजेड. काष्टा काही केल्या जमेना. त्यात नवल नाही. अशी काही मॉडेलं ज्यावर शिकली त्या 2022 च्या लायन-5बी या डेटासंचात 5.85 अब्ज चित्र-मजकूर जोड्या होत्या, त्यातल्या 2.3 अब्ज एकट्या इंग्रजीतल्या. बाकी शंभरावर भाषांना मिळून साधारण तेवढ्याच. म्हणजे चित्राखाली इंग्रजीत कुणी काय लिहिलं यावर यंत्राची नजर ठरते, आणि आपल्या वस्तूंखाली ते कुणी लिहिलं हे म्युझियमची जुनी कार्डं वाचलीस की कळेल. तुझ्या व्हिडिओत यंत्राने दिलेली 'भारतीय' चेहऱ्यांची मालिका आहे. दिसायला सुंदर आहे, पण ती यंत्राची चूक दाखवते की त्यातच रमते, हे मला कळलं नाही. तुला कळलंय का?

वाटा. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन बघ. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट बघ, ते छोट्या मुदतीच्या भेटींनाही पैसे देत आले आहेत. (पैसा मुळात कलकत्त्यात व्यापारावर श्रीमंत झालेल्या एका ब्रिटिश माणसाचा. घे, संकोच करू नकोस.) लंडनला गॅसवर्क्स आणि डेल्फिना फाउंडेशनची निवासं आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकॅडमीत दोन वर्षं स्टुडिओ आणि वर विद्यावेतन मिळतं, निवड अवघड आहे. या सगळ्यांचे नियम दरवर्षी हलतात, त्यांच्याच पानावर वाच, यूट्यूबवर नको. तीन महिन्यांच्या निवासात जेवढी माणसं भेटतात तेवढी एमएच्या वर्षात भेटतीलच असं नाही, आणि तीच पुढे शिफारसपत्रं लिहितात.

आत्ता लगेच एवढंच कर: डिपॉझिट भरायच्या आधी कॉलेजला विचार की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. बरीच कॉलेजं परवानगी देतात, पण उत्तर लेखी घे. त्या वर्षात शिष्यवृत्त्यांचे अर्ज कर आणि बॅटरी घेऊन अजिंठ्याला चार दिवस राहून ये. आणि मला शोरील (कामांच्या तुकड्यांची झलक) पाठवू नकोस. एक काम अख्खं पाठव, आवाजासकट, आणि खाली मराठीत दहा ओळी लिही की ते तू का केलंस.